दुसऱ्या प्रवचनातली डुलकी

होम्स काउंटी, ओहायो
९ मे

ती. अल्टाताईस,

धाकट्या लोविनाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं आणि त्यातली बियांची पुडीही पोचली. वाटाणे जमिनीत गेले, रूबार्बचे आंबट देठ हातभर वाढलेत, आणि सुनेला अजून त्यांचा पाय, तो भट्टीत भाजायचा गोड पदार्थ, जमत नाही, खालचा पिठाचा थर ओलाच राहतो. मी काही बोलत नाही. थोरलं घर आणि गोठा आमच्या महलोनने आणि तिने अंगावर घेतलाय, आम्ही दोघं शेजारच्या, म्हातारपणासाठी बांधलेल्या छोट्या घरात आलोय, तेव्हा ओला पाय गोड मानून खायचा असं मी ठरवलंय.

मागच्या रविवारी प्रार्थनेची पाळी आमच्याकडे होती. आठवडाभर झाडझूड, खिडक्या पुसणं, बग्ग्यांच्या शेडमध्ये बाकं मांडणं. सगळं नीट पार पडलं म्हणावं, तर एनोसने माझं नाक कापलं. दुसरं प्रवचन चालू होतं, उपदेशक पाहुणे होते, पलीकडच्या जिल्ह्याचे, आणि बायकांच्या बाकावरून मी समोर बघते तर आमचा घरधनी मान छातीवर टाकून बसलेला. तोंड उघडं. हातातलं गीतांचं पुस्तक घसरत घसरत खाली पडलं, त्याचा आवाज झाला, आणि आमची अख्खी रांग तिकडे बघायला लागली. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की चुलीवर ठेवलेलं पाणी तेवढ्याने उकळलं असतं. मग त्याने मान वर केली, कुणी हाक मारली की काय अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघितलं, आणि पुस्तक उचललं. पाहुणे जेवून गेल्यावर कप विसळता विसळता मी त्याला चांगलं ऐकवलं. एरवी उलट बोलणारा माणूस, त्या दिवशी गप्प. एवढंच म्हणाला की प्रवचन कुठवर आलं होतं ते त्याला आठवत नाही.

तू विचारलंस की त्याच्या छातीत बसवलेली डबी नक्की करते काय. जानेवारीत त्याला झटका आला ना, त्याने हृदयावर वण राहिला. त्या वणापाशी ठोक्यांची चाल कधी कधी सुटते, आणि सुटली की माणूस उभ्याचा आडवा. डबी कातडीखालून पहारा देते आणि तशी वेळ आली तर आतून तडाखा देऊन हृदय ताळ्यावर आणते. मार्चमध्ये ती बसवली डॉक्टरने, पण त्यानंतरचं सगळं बघते डेनीस कोवाच. ती नर्स आहे, पण पुढचं बरंच शिकलेली. तपासते, औषधं लिहून देते, डबीने कधी जागं व्हायचं तेही तीच ठरवते. त्या पदाला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. एनोस तिला पाऊण डॉक्टर म्हणाला, तर ती म्हणाली की उरलेला पाव तिने कॉफी प्यायला राखून ठेवलाय. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ.

घरी सोडताना ती कुठल्या कुठल्या विजेच्या वस्तूंपासून लांब राहायचं ते सांगायला लागली, तर एनोसने तिला मध्येच थांबवलं. म्हणाला की आम्ही आमिश, आमच्या घरात एक तार नाही, एक दिवा नाही, हा उपदेश बाहेरच्या लोकांसाठी जपून ठेव. तीही हसली, मीही हसले, आणि मग बग्गी हाकायची की नाही यावर बोलणं गेलं. उशाशी ठेवायचं एक यंत्रही ती देत होती. ते डबीची खबर रोजच्या रोज तिच्याकडे पोचवतं म्हणे. पण त्याला वीज लागते म्हटल्यावर बिशपना विचारायच्या आधीच एनोसने नाही म्हणून टाकलं.

तो आता हिंडतो, फिरतो. रोज सकाळी दवातच खालच्या कुरणाकडे कुंपण बघायला जातो. तो उतारावरून दिसेनासा झाला की माझा भांडी घासणारा हात थांबतो, आणि त्याची टोपी परत वर दिसेपर्यंत थांबलेलाच राहतो. हे तुलाच लिहितेय, दुसऱ्या कुणाला नाही.

माझ्यावर माया आहेच तुझी, या दिवसांत थोडी जास्त असू दे.

तुझी,
लोविना

* * *

लाग्रांज, इंडियाना
१६ मे

चि. सौ. लोविना हीस,

थोरलीचे अ. आ. तुझे वटारलेले डोळे मला ठाऊक आहेत. तू चार वर्षांची असताना मी तुझी मांजर घेतली होती तेव्हा पहिल्यांदा बघितले, आणि अजून त्या मांजरीचं नाव निघालं की मी विषय बदलते. बिचाऱ्या एनोसची दया आली. एर्ब घराण्यातला कुठला पुरुष दुसऱ्या प्रवचनात जागा राहिलाय, एक दाखव मला. त्याचे वडील तर उभ्याने झोपायचे.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याहून जास्त बोलत नाही. नातीने मला नवीन चष्मा आणून दिला, आता स्वयंपाकघरातली जळमटं दिसतात, त्यापेक्षा जुना बरा होता.

तुझ्या पत्रातल्या त्या थांबलेल्या हाताच्या ओळीशी मीही थांबले. माझा पेरी मला सोडून गेला त्या सकाळी मी नूडल्स लाटत होते. तो दूध काढायला गेला, आणि दुधाच्या खोलीतच राहिला. मला काही ऐकू आलं नाही, काही जाणवलं नाही. त्याच्या छातीत पहारा द्यायला कुणी नव्हतं. एनोसच्या आहे. तेव्हा भांडी घास, लोविना. आणि त्या पाऊण डॉक्टरीणबाईला माझ्याकडून एक बरणी बीटचं लोणचं दे.

एनोस अजून कुंपणाला गवताची काडी लावून बघतो का, तार जिवंत आहे की नाही ते? आपल्या वडिलांची खोड, आणि जावयाने तेवढी एकच उचलली. शहाणपण उचललं असतं तर बिघडलं नसतं, असं त्याला सांग. हसला तर बरा आहे असं समज.

दोघांवर जीव टाकणारी,
अल्टा

* * *

होम्स काउंटी
२४ मे

ती. अल्टाताईस,

सा. न. वि. वि. तुझं काडीचं बोलणं एनोसला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला होता. तो दिवस वेगळा होता. आज माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, तेवढं सांभाळून घे.

काल सकाळी तो नेहमीसारखा खालच्या कुरणात गेला. मी खिडकीतून बघत होते, आणि टोपी वर येईना. मग महलोनची हाक ऐकू आली. मी पायात काही न घालता धावले. एनोस उतारावर ओल्या गवतात बसला होता, दोन्ही हात मागे टेकून, चेहरा पिठासारखा. शुद्धीवर होता. म्हणाला की खेचराने छातीवर लाथ मारली, तीही आतून. डबीने तडाखा दिला होता.

त्याला महलोनने आणि मी मिळून वर आणलं. चढ चढताना तो चार पावलं टाकून थांबायचा आणि आमच्या चेहऱ्याकडे बघायचा, जणू पुढचं पाऊल टाकू का ते आम्ही सांगणार होतो. घरी आल्यावर म्हणाला की कुणाला कळवायचं नाही, डबी जे करायला बसवलीय तेच तिने केलं. मी कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि वाटेच्या टोकाला फोनची टपरी आहे तिथे गेले. डेनीस दुसऱ्या रुग्णापाशी होती, तरी थोड्याच वेळात तिचा उलट फोन आला. मी टपरीतच उभी होते, कुठे जाणार. तिने विचारलं की आता कसा आहे, श्वास कसा आहे, शुद्ध गेली होती का, त्या वेळी तो काय करत होता. मी सांगितलं की चढ चढत होता. ती म्हणाली की उद्याच घेऊन या, डबीत सगळं टिपलेलं असतं, ते वाचल्याशिवाय ती काही बोलणार नाही. उशाशी यंत्र असतं तर तिला तिथूनच दिसलं असतं, हेही म्हणाली, पण टोचून नाही. आणि लागोपाठ दोन तडाखे बसले किंवा त्याला बरं वाटेनासं झालं तर तिला विचारत बसू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा, असं दोनदा बजावलं.

एनोस ऐकत नाही. गवत कापणीला आलंय, ऊन पडलंय, महलोन एकटा आहे, अशी तीन कारणं त्याने सांगितली. चौथं त्याने सांगितलं नाही, पण मला दिसतं. त्याला भीती वाटते की ते वाचून ती काय सांगेल. ताई, मलाही तीच वाटते.

आठवण ठेव आमची, प्रार्थनेत आणि एरवीही.

लोविना

* * *

होम्स काउंटी
१ जून

ती. अल्टाताईस,

नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आज पुन्हा झालं.

इतके दिवस तो घराजवळच होता. आज त्याला जरा उभारी वाटली, म्हणाला की गाई पलीकडे गेल्यात, खालच्या कुरणात नजर टाकून येतो. महलोनला मी मागे पाठवलं. तो पोचायच्या आतच एनोस कोसळला होता, तिथेच, त्याच उतारावर. या वेळी तो ओरडला. महलोन सांगतो की वडिलांचा तसा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

आता तो खुर्चीत बसलाय आणि उठत नाही. डावा हात पोटाशी धरून ठेवतो. जिना नाही, गोठा नाही, विहिरीपर्यंतसुद्धा नाही. त्या चढावरच आपला जीव जाणार, हृदयाला आता एवढंही पेलवत नाही, असं त्याने मनाशी धरलंय. मी त्याचा हात धरायला गेले तर त्याने तो काढून घेतला. मी धरलेला असताना डबीने लाथ मारली तर मलाही लागेल अशी त्याला धास्ती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझ्या हातातून हात कधी काढून घेतला नव्हता.

आणि ताई, तो म्हणतो की डबी बंद करायची. देवाने बोलावलं तर माणसाने टोपी घालून निघावं, असं कॉलर धरून, लाथा घालून मागे कशाला ओढायचं. भीत भीत जगण्यासाठी त्याने ती बसवून घेतली नव्हती. मी डेनीसला टपरीतून सांगितलं, रडत सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली की तो त्याचा हक्क आहे, त्याने मागितलं तर ती बंद करेल, पण आधी डबीत काय आहे ते तिला वाचू द्या. आज रुग्णवाहिका पाठवते म्हणाली. एनोसने नाही सांगितलं. व्हॅनचा हादरासुद्धा त्याला नको वाटतो. शेवटी पुढच्या मंगळवारी यायला कबूल झालाय, तेही बंद करून घ्यायला. तोवर ती रोज दुपारी टपरीत फोन करते आणि मी रोज जाऊन तो घेते.

बंद केल्यावर किती दिवस, हे मी तिला विचारलं नाही. तू असतीस तर विचारलं असतंस का?

काही सुचत नाही. तुझ्या हाताची चार अक्षरं येऊ देत.

लोविना

* * *

लाग्रांज
४ जून

चि. सौ. लोविना हीस,

अ. आ. दोन्ही पत्रं हातात आहेत. तू विचारलंस त्याचं उत्तर हे की मीही विचारलं नसतं. काही प्रश्न असे असतात की ते तोंडातून काढले की खोलीत येऊन बसतात.

मी यायला निघाले होते, पण इकडून जाणाऱ्या व्हॅनमध्ये पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नाही. तेव्हा पत्रच पाठवतेय. तू जेवतेस का? सूप तरी पी. सुनेचा ओला पाय खा. घाबरलेल्या माणसाने उपाशी राहिलं की भीती रिकाम्या पोटात हातपाय पसरते, हे मी अनुभवाने सांगते.

खालच्या ओळी एनोससाठी आहेत, त्याला वाचून दाखव.

एनोस, तू डबी ठेव असं मी सांगणार नाही आणि काढ असंही सांगणार नाही. तू मोठा आहेस आणि हट्टी आहेस. फक्त घाबरलेला असताना ठरवू नकोस. घोडा बुजलेला असताना तू कधी त्याला विकायचं ठरवलं नाहीस. त्याला पाणी दाखवायचास, गोठ्यात घ्यायचास, कशाला बुजला ते बघायचास. तेवढंच स्वतःसाठी कर. मग काय ते ठरव, आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. पेरीला विचारायची संधी मिळाली नाही, तुला मिळालीय, म्हणून जास्तीचं बोलले.

लोविना, मंगळवारी सकाळपासून मी खिडकीपाशी बसणार आहे. तिथून ओहायो दिसत नाही, पण बसणार.

तुम्हा दोघांची,
अल्टा

* * *

होम्स काउंटी
९ जून

ती. अल्टाताईस,

सा. न. वि. वि. एनोस जिवंत आहे, घरी आहे, आणि मी तुला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर माझंच मला कळणार नाही.

ग्लेन स्टब्ज, तो आम्हाला भाड्याने नेणारा, त्याची व्हॅन घेऊन आला. वाटेत एनोसने टोपी छातीवर दाबून धरली होती, आणि खड्डा आला की डोळे मिटायचा. ग्लेन एरवी तोंड बंद ठेवत नाही, काल त्याने हवामानाचा विषयसुद्धा काढला नाही. तुझ्या नावाने द्यायचं लोणचं मी मांडीवर घेतलं होतं.

डेनीसने आधीच सांगून टाकलं की बंद करायचं असेल तर एनोसला तिच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत. डॉक्टरशी तिचं बोलणं झालंय, त्यालाही ते मान्य आहे. फक्त आधी वाचू दे. मग तिने बशीएवढी एक चकती त्याच्या छातीवर ठेवली आणि पडद्यावर रेषा धावायला लागल्या. ती बघत राहिली. मागे गेली, पुढे आली, परत मागे गेली. ताई, तेवढ्या वेळात मी एनोसला पुरूनसुद्धा आले.

मग तिने पडदा आमच्याकडे फिरवला. खालची रेष एनोसच्या हृदयाची, ती म्हाताऱ्या बग्गीच्या घोड्यासारखी निवांत चालली होती, दोन्ही वेळा. आणि तिच्यावर कुणी खिळा ठोकावा तसे सारख्या अंतराने ठोके. ती म्हणाली की हे तुझं हृदय नाहीच, हे बाहेरून आलंय. डबीला वाटलं की हृदयच बिथरलं, म्हणून तिने तडाखा दिला. हातात काय होतं, असं तिने विचारलं. एनोस म्हणाला, काही नव्हतं, चढ होता. तिने परत विचारलं की उभा कुठे होतास, पायाखाली काय होतं, कशाला हात लागला होता. शेवटी एनोस आठवून आठवून म्हणाला की तिथला खांब कलला आहे, तार सारखी लोंबते, ती दोन्ही हातांनी उचलून जागेवर बसवत होता. तार जिवंत होती का, तिच्यात गुरांना अडवायची वीज सोडलेली होती का? तर म्हणे अर्थातच, बॅटरी बंद करायला एवढा चढ चढून शेडपर्यंत कोण जाणार, आमच्याकडे कुणीच जात नाही, जरा झिणझिण्या येतात, त्याचं काय एवढं.

डेनीसने हात मांडीवर ठेवले. म्हणाली की मार्चमध्ये तिने विजेबद्दल विचारलं होतं. एनोस म्हणाला की तेव्हा त्याने खरंच सांगितलं होतं, घरात एक तार नाही. ती कुंपणाची आहे आणि ती बॅटरीवर चालते, तिला आमच्यात कुणी वीज म्हणून मोजतच नाही. ती म्हणाली की चूक तिची. तो विनोद करत होता, ती हसली आणि विचारायची थांबली. गोठा, कुरण, शेड, सगळं विचारायला हवं होतं. तिने ते झाकलं नाही की लहान करून सांगितलं नाही. आणि मी काय केलं, तर रडले. एनोस हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्याचं हृदय चढाला घाबरत नव्हतं, ताई. चढाचा काही दोषच नव्हता.

मी पिशवीतून लोणचं काढायला लागले. ती म्हणाली की थांबा, अजून एक आहे.

तिसरी रेष तिने लावली. यात खिळ्याचे ठोके नव्हते. हृदयच उधळलं होतं, अगदी खरं, वणापाशी चाल सुटून. तिने सांगितलं की इथे डबीने लाथ मारली नाही. उधळलेल्या घोड्याला अडवायला समोर उभं राहायचं नसतं, बाजूने दुसरा घोडा थोडा जास्त वेगाने पळवायचा, त्याला आपल्या चालीत घ्यायचं आणि मग दोघांना मिळून हळू करायचं, तसं डबीने केलं. एनोस म्हणाला की असंच करतात. ती म्हणाली की तसं झालं नसतं तर पुढे तडाखा बसला असता, आणि डबीच नसती तर पुढे काहीच नसतं. मग तिने दिवस वाचला. मेचा पहिला रविवार, सकाळ सरत आलेली. त्या वेळी कुठे होतात, असं तिने विचारलं.

एनोस आठवत बसला. मला आठवायची गरज नव्हती. खाली पडलेल्या पुस्तकाचा आवाज मला तिथे, त्या खोलीत ऐकू आला.

माझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर मरत होता, आणि मी त्याच्यावर डोळे वटारत होते.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज सुखाने लिहिलं असतं. पण एनोसने त्या रेषेवर बोट ठेवलं. म्हणाला की आपलीच शेड, आपली माणसं, समोर नातवंडं, कानावर देवाचं वचन, आणि काही दुखलंसुद्धा नाही. याहून चांगलं जाणं माणसाने काय मागावं, आणि या डबीने त्याला न विचारता दारातून परत फिरवलं. तेव्हा बंद करायचं का नाही, हे त्याला अजून ठरवायचंच आहे. डेनीसने वाद घातला नाही. डॉक्टरही येऊन बसला, त्यानेही घातला नाही. ती म्हणाली की याचं उत्तर तिच्या पडद्यावर नाही, घरी घेऊन जा, जेव्हा ठरेल तेव्हा फोन करा, आणि काहीही ठरलं तरी ती आहे.

तो आता बाहेर बाकावर बसलाय. भीती त्याची गेली, ताई, ती सगळी माझ्याकडे आली. त्या रविवारी मी त्याच्याकडे कशी बघत होते हे त्याला माहीत नाही. सांगू की नको?

लवकर लिही. माझा हात अजून थांबलेलाच आहे.

लोविना

* * *

लाग्रांज
१३ जून

लोविना,

सांग. जेवणाआधी सांग. माझ्याकडे सांगायला माणूस उरलं नाही, म्हणून म्हणते.

आणि गवताची काडी मी माझ्या हाताने लिहिली होती, तरी मला दिसली नाही. आता चष्म्याला दोष देता येत नाही.

तुझी ताई

* * *

होम्स काउंटी
२८ जून

ती. अल्टाताईस,

सा. न. वि. वि. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी सांगितलं. आम्ही दोघं ओट्यावर वाटाणे सोलत होतो. मी पातेल्याकडे बघत बोलले, त्याच्याकडे बघवेना. सांगितलं की तो जात होता तेव्हा मी त्याच्यावर रागाने धुमसत होते, पाहुणे कधी जातात आणि कधी त्याला ऐकवते असं मला झालं होतं. तो तिथेच गेला असता तर शेवटचं गीत संपेपर्यंत मी रागावलेलीच राहिले असते, आणि मग उरलेला जन्म तो राग कुठे ठेवायचा ते मला कळलं नसतं.

तो सोलत राहिला. आठ-दहा शेंगा झाल्या असतील. मग विचारलं की किती रागावली होतीस. मी म्हटलं, खूप. त्याने विचारलं, कप विसळताना होतीस तेवढी? मी म्हटलं की त्याहून जास्त, तोवर निम्मा उतरला होता. तो म्हणाला की मग ते जाणं त्याला वाटलं तेवढं चांगलं नव्हतं. त्याने देवाचं वचन धरलं होतं हिशेबात, नातवंडं धरली होती, बायकोचं तोंड धरलं नव्हतं. एवढं बोलून त्याने मांडीवरच्या साली झटकल्या, टोपी घातली, आणि चालत टपरीकडे गेला. सगळी वाट, एकटा. मी जागची हलले नाही. त्याने डेनीसला सांगितलं की डबी राहू दे. पुढे कधी खरंच वेळ झाली, अंग थकलं, की तो स्वतः सांगेल, तेव्हा तिने दिलेला शब्द पाळायचा. ती पाळीन म्हणाली. मग तिने म्हणे लोणच्याची कृती विचारली, आणि या माणसाने ती सगळी चुकीची सांगितली. तू तिला नीट लिहून पाठव, नाहीतर ती बाई बीट कच्चंच खाईल.

उशाशी ठेवायच्या यंत्राचं बिशपना विचारलं. ते म्हणाले की मार्चमध्येच विचारलं असतं तर मार्चमध्येच हो म्हटलं असतं. आपला नेम आहे तो बाहेरून घरात तार येऊ न देण्याचा, एनोसला मरू देण्याचा नाही. महलोनने खालच्या कुरणातली तार काढून फळ्यांचं कुंपण घातलं, आणि ती रिकामी झालेली बॅटरी आता आमच्या खाटेखाली आहे. मध्ये काही जोडावं लागतं ते ग्लेनने जोडून दिलं. जिने त्याला दोनदा आडवं केलं तीच आता त्याची खबर डेनीसकडे पोचवते. यंत्राचा हिरवा ठिपका दिसला की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की लगेच भीती वाटते, हे काय ते तूच सांग.

काल प्रार्थना शेजारी होती. दुसरं प्रवचन आलं. मी मनाशी ठरवून त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे सारखी बघत होते. आणि त्याची मान पडली. ताई, मी उभी राहिले. बायकांच्या बाकांच्या मधोमध, हात पुढे करून, उभी. आपल्यात असं कुणी कधी उठलेलं मी बघितलं नाही. उपदेशक बोलायचे थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी एनोसकडे, आणि त्या शांततेत तो घोरला. चांगला लांब, शेवटी शीळ येते तसा. बिशपनी रुमाल तोंडाला लावला. मी खाली बसले, आणि शेजारच्या बाईने माझा गुडघा दाबून धरला. एनोस म्हणतो तुला लिही की तो घोरत नव्हता, प्रवचनाला साथ देत होता.

घरी येताना बग्गीत त्याने मला विचारलं की का उभी राहिलीस. मी म्हटलं की पायात गोळा आला. त्याने लगाम एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला, तो फाटक येईपर्यंत सोडला नाही.

बायकांनी वयाच्या क्रमाने बसायचं, हे काय मला नवीन नाही. पण आज सकाळी मी बिशपांच्या बायकोकडे जाऊन आले. पुढच्या वेळेपासून मला बाकाच्या टोकाची जागा दे म्हटलं. मध्ये बसलं की उठायला वेळ लागतो. तिने कारण विचारलं नाही.

तू आलीस की माझ्या शेजारी बस. आणि असाच जीव लावत राहा.

तुझी धाकटी,
लोविना